जिना चढला तरी ठणकतं, मग चालायचं काहून?

प्रश्न : मी प्रतापनगरला राहते, वय ३८. कॉलेजात होते तेव्हापासून अर्धशिशी आहे. महिन्यातून चार-पाचदा एका बाजूचं डोकं ठणकायला लागतं, उजेड आणि कुकरची शिटी सहन होत नाही, मळमळतं. त्या दिवशी साधा जिना चढले तरी पायरीगणिक डोक्यात ठोका बसतो. आतापर्यंत गोळ्यांवर भागलं. आता नवे डॉक्टर म्हणतात, नेमाने चाला, व्यायाम करा, त्रास कमी होईल. हालचालीने वाढणारं दुखणं हालचालीनेच कमी कसं होईल? मग चालायचं काहून? शिवाय दिवसभर स्वयंपाकघरात उभीच असते, तो व्यायाम नाही का? आणि मार्च ते जून आमच्या नागपुरात घराबाहेर पडायचं तरी कसं?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातला जिना वैद्यकाच्या पुस्तकातही आहे. अर्धशिशी ओळखायला जगभरचे डॉक्टर इंटरनॅशनल हेडेक सोसायटीच्या कसोट्या वापरतात. दुखणं एका बाजूला असणं, ठणकणं, मध्यम किंवा तीव्र असणं, आणि चालणं किंवा जिना चढणं अशा रोजच्या हालचालीने वाढणं, या चारांपैकी निदान दोन लक्षणं लागतात. सोबत मळमळ तरी हवी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे व्हायला हवेत. ताणाची डोकेदुखी, म्हणजे दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यागत होणारी, चालण्याने वाढत नाही. त्यामुळे जिन्याबद्दलची तुमची तक्रार ही शंका कमी आणि निदान जास्त आहे.

डोकं उठलेलं असताना चालायला तुम्हाला कुणी सांगितलेलंच नाही. त्या दिवशी अंधारी खोली, पाणी, डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेत, आणि पडून राहणं. त्यांचा सल्ला महिन्यातल्या बाकीच्या दिवसांसाठी आहे. अर्धशिशीची औषधं दोन जातींची असतात. एक जात उठलेलं डोकं शांत करणारी, दुसरी डोकं उठूच नये म्हणून महिनोन्‌महिने घ्यायची. व्यायाम या दुसऱ्या जातीत बसतो. ओपीडीतल्या गर्दीत ‘रोज फिरत जा’ एवढंच कानावर पडतं, हा खुलासा राहून जातो. मग पेशंट नेमका दुखत असतानाच फिरून पाहतो आणि व्यायामावरचा विश्वास कायमचा घालवून बसतो.

आता या सल्ल्याला आधार काय, ते पाहू. सगळ्यात जास्त दाखला दिला जातो तो स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या प्रयोगाचा. एमा वर्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०११ मध्ये प्रसिद्ध केला. अर्धशिशीच्या ९१ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यागत तीन गट केले. एका गटाला आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं व्यायाम, दुसऱ्याला शरीर सैल सोडण्याचं प्रशिक्षण, तिसऱ्याला टोपिरामेट हे अर्धशिशी रोखणारं नावाजलेलं औषध. तीन महिन्यांनी महिन्याचे झटके सरासरीने व्यायामाच्या गटात ०.९३, शिथिलीकरणाच्या गटात ०.८३ आणि औषधाच्या गटात ०.९७ इतके कमी झाले होते. तिघांत डावं-उजवं करावं असा फरक निघाला नाही. दुष्परिणामांच्या तक्रारी मात्र औषधवाल्यांकडूनच आल्या, आणि दमसास वाढला तो फक्त व्यायामवाल्यांचा.

महिन्याला जेमतेम एक झटका कमी, एवढ्यासाठी इतका खटाटोप? मलाही पहिल्यांदा वाचताना तसंच वाटलं होतं. पण नावाजलेलं औषधही त्याहून जास्त काही करू शकलं नाही, हे ध्यानात घ्या. शिवाय महिन्यात चारदा आडवं पडणाऱ्या बाईला तीनदाच पडावं लागलं, तर वर्षाकाठी बारा दिवस परत मिळतात.

दुसरा दाखला आपल्या देशातला आहे. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. रोहित भाटिया, डॉ. गौतम शर्मा आणि सहकाऱ्यांनी १६० रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना नेहमीचे औषधोपचार चालू. एका गटाला जोडीला योग. पहिला महिना शिक्षकासमोर आठवड्यातून तीन दिवस, पुढचे दोन महिने घरी आठवड्यातून पाच दिवस. तीन महिने पूर्ण केले ते ११४ जणांनी. योगाच्या गटात महिन्याची डोकेदुखी ९.१ वेळांवरून ४.७ वर आली, नुसत्या औषधाच्या गटात ७.७ वरून ६.८ वर. गोळ्यांचं प्रमाण योगवाल्यांत ४७ टक्क्यांनी घटलं, दुसऱ्या गटात १२ टक्क्यांनी. २०२० मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला.

आकडे देखणे आहेत, म्हणूनच त्यांची दुखरी बाजूही सांगतो. गोळीच्या प्रयोगात पेशंटला खोटी गोळी देऊन फसवता येतं. खोटा व्यायाम देता येत नाही. आपण योग करतोय हे करणाऱ्याला ठाऊक असतं, आणि वहीत डोकेदुखी लिहिणाराही तोच. मध्येच सोडून गेलेल्यांचं काय झालं असतं, हा प्रश्न उरतोच. अर्धशिशीच्या जोडीला ताणाची डोकेदुखी आणि मानेचं दुखणं असलेल्या रुग्णांवर कोपनहेगनमध्ये असाच तीन महिन्यांचा प्रयोग झाला. तिथे व्यायाम करणाऱ्यांचे झटके कमी झाले, पण न करणाऱ्यांच्या तुलनेत तो फरक निर्णायक ठरला नाही; अर्धशिशीचा रोजच्या जगण्यावरचा पगडा मात्र कमी झाल्याचं त्यांनी सांगितलं. तेव्हा व्यायामाने अर्धशिशी ‘जाते’ असं मी लिहिणार नाही. कमी होते, बऱ्याच जणांची होते, आणि डॉक्टर बदलून-बदलून दमलेल्याला ते पुरेसं कारण आहे.

तरी तुमचा मूळ पेच राहतोच, वाढवणारी गोष्ट कमी कशी करते? अर्धशिशीचा मेंदू बदल खपवून घेत नाही. झोप कमी झाली तरी डोकं उठतं, रविवारी जास्त झाली तरी उठतं. जेवणाची वेळ टळली, पाळी जवळ आली, उन्हातून आलात, की उठलंच. चेहरा आणि डोक्याच्या संवेदना नेणारा एक मोठा मज्जातंतू आहे, ट्रायजेमिनल. तो चाळवला की त्याच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं रसायन सुटतं, मेंदूच्या आवरणातले वेदनेचे तंतू हळवे होतात, आणि मग एरवी न जाणवणारी हालचालही डोक्यात ठणकते. जिना चढताना ठणका वाढतो तो म्हणूनच. सहा महिने हातपाय न हलवणाऱ्याने एका रविवारी एकदम पाच किलोमीटर धावावं, तर त्या मेंदूच्या लेखी तो आणखी एक अवचित बदल असतो. तीच धाप ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, थोडी-थोडी वाढत गेली की मेंदू तिला ओळखू लागतो. नेमाच्या व्यायामाने झोप सुधारते, ताण सोसण्याची ताकद वाढते, वेदना दाबणारी एंडॉर्फिनसारखी शरीराचीच रसायनं जास्त सुटतात. यातलं नेमकं कोणतं कारण किती काम करतं, यावर अजून वाद आहे. नेम महत्त्वाचा, यावर नाही.

म्हणून मात्रा. ‘रोज’ हा शब्द सोडून द्या. स्वीडनच्या प्रयोगात आठवड्याला तीनच दिवस होते, आणि ४० मिनिटांतली पहिली १५ नुसती अंग तापवण्याची, मधली २० खरी मेहनत, शेवटची ५ हळूहळू थांबण्याची. पहिली पंधरा मिनिटं आपल्याकडे सगळे गाळतात. अर्धशिशीवाल्याला तीच सगळ्यात जास्त लागतात. मेहनत किती, तर चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतकी. सुरुवातीचे दोन आठवडे सपाटीवर, महाराजबागेत किंवा फुटाळ्याच्या काठाने. सेमिनरी हिल्सचा चढ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यासाठी ठेवा. हातातलं घड्याळ नाडीचे ठोके दाखवत असेल तर त्याच्या नादी लागू नका, विशेषतः प्रोप्रानोलोल चालू असेल तर. अर्धशिशी रोखायला ते सर्रास देतात आणि ते ठोके फारसे वाढू देत नाही. घड्याळातला आकडा गाठायच्या हट्टात तुम्ही झेपेल त्यापेक्षा जास्त पळाल.

उपाशीपोटी निघायचं नाही. आधी पाणी, एखादं केळं किंवा मूठभर भिजवलेले शेंगदाणे. संकष्टीला किंवा एकादशीला कडक उपास असेल तर त्या दिवशीचा व्यायाम दुसऱ्या दिवसावर टाका. भूक आणि धाप दोन्ही एकाच सकाळी त्या मेंदूवर लादू नयेत.

स्वयंपाकघराचा तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. उभं राहून पोळ्या लाटणं, धुणं, झाडणं यात शरीर थकतं खरं. पण सलग वीस मिनिटं धाप लागत नाही, त्यामुळे दम वाढत नाही. मान मात्र तासन्‌तास खाली राहते, आणि आखडलेली मान डोकेदुखीच्या पथ्यावर पडते. अर्धशिशी पुरुषांपेक्षा बायकांत दुपटी-तिपटीने जास्त. कर्नाटकात बंगळूरू आणि भोवतालच्या खेड्यांत झालेल्या पाहणीत वर्षभरात दर चार प्रौढांमागे एकाला ती आढळली. विदर्भातलं चित्र फार निराळं असेल असं मानायला कारण नाही. आणि ज्यांना हा आजार जास्त, त्यांच्याच वाट्याला स्वतःची चाळीस मिनिटं सगळ्यात कमी. डॉक्टर ‘व्यायाम करा’ लिहून देतात. सकाळचा डबा त्या वेळात कोण भरणार, ते लिहून देत नाहीत. हे पत्र घरात मोठ्याने वाचून दाखवा असं मी सुचवीन. आठवड्यातून तीन सकाळी पोळ्यांची जबाबदारी दुसऱ्या कुणीतरी घेणं हा या औषधोपचाराचाच भाग आहे.

आणि ऊन. इथे नागपूरकराशी वाद घालण्यात अर्थ नाही. २३ मे २०१३ ला इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. २०२४ च्या मेअखेरीस एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले तेव्हा हवामान खात्याला यंत्र बिघडल्याचं सांगावं लागलं. पण तासभर का होईना, लोकांचा विश्वास बसला होता, यातच सगळं आलं. नवतपाच्या भाजत्या दिवसांत दुपट्टा बांधूनसुद्धा दुपारी बाहेर पडणं हे अर्धशिशीला बोलावणं. पहाटे साडेपाच ते साडेसहा ही वेळ बरी. संध्याकाळी सातला रस्ते आणि भिंती तापलेल्याच असतात. खरं तर बाहेर जायची गरजच नाही. गोथेनबर्गमधला व्यायामही छताखाली, स्थिर सायकलवरचाच होता, फरक इतकाच की तिथे बाहेर बर्फ असतो. कूलरसमोर सायकल ठेवा, नाहीतर योगवर्गाला जा. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने पिढ्यान्‌पिढ्या नागपूरकरांना पैसे न घेता आसनं शिकवली आहेत. आसनांचं प्रयोगशाळेत मोजमाप करण्याची वाटही महाराष्ट्रातूनच निघाली. स्वामी कुवलयानंदांनी त्यासाठी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. दिल्लीच्या अभ्यासाचं मूळ शोधत गेलं तर ते तिथवर पोचतं. शिक्षकांना मात्र अर्धशिशीची कल्पना द्या, म्हणजे ते शीर्षासन आणि वेगाची कपालभाती टाळतील.

तुम्हाला टोपिरामेट चालू असेल तर आणखी एक सांगायचं राहिलं. त्याने काहींचा घाम कमी होतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात घाम न येणं ही गंमत नव्हे. शक्य असेल तर व्यायामाची सुरुवातच दिवाळीच्या आसपास करा. उन्हाळा येईपर्यंत शरीर तयार झालेलं असेल.

गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण मोजा. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ दिवस किंवा त्याहून जास्त, आणि ट्रिप्टान (अर्धशिशीच्या खास गोळ्या) किंवा मिश्र गोळ्या १० दिवस किंवा त्याहून जास्त, असं तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ चाललं तर गोळीच डोकेदुखीचं कारण होऊन बसते. मग कितीही चाला, फरक पडत नाही. आधी ती गाठ डॉक्टरांच्या मदतीने सोडवावी लागते. भिंतीवरच्या कालनिर्णयावर खुणा करा : डोकं उठलं त्या दिवशी एक, गोळी घेतली तर दुसरी, व्यायाम केला तर तिसरी. तीन महिने पूर्ण होण्याआधी निकाल देऊ नका, कारण अभ्यासांनीही तेवढा वेळ घेतला होता.

प्रश्न : आमची आजी अर्धशिशीवर सूर्योदयाआधी दूध-जिलेबी खायला द्यायची. त्यात काही तथ्य आहे का?
— एक वाचक, वर्धा

उत्तर : उन्हासोबत चढणारी आणि उन्हासोबत उतरणारी डोकेदुखी आपल्या वैद्यांना माहीत होती, आयुर्वेदात तिला सूर्यावर्त म्हणतात. जिलेबी दिवस उजाडण्याआधी का, याचं कारण त्या समजुतीत असावं. रात्रभर रिकामं राहिलेलं पोट लवकर भरलं तर भुकेने उठणारं एखादं डोकं वाचेलही. पण अर्धशिशी ४ ते ७२ तासांत आपोआपच उतरते, त्यामुळे शेवटी जे खाल्लं त्याला श्रेय मिळतं. मंत्राने अर्धशिशी उतरवणाऱ्यांचाही जम याच हिशेबावर बसला. जिलेबी आवडते म्हणून खा. मधुमेह असेल तर तेवढंही नको.

प्रश्न : वय २४. मानेवाड्याच्या जिममध्ये जातो. गेल्या आठवड्यात जड वजन उचलताना एकदम पूर्ण डोकं ठणकायला लागलं, तासभर राहिलं. मित्र म्हणतात पाणी कमी पडलं. काहून झालं असेल? व्यायामाने डोकं बरं होतं म्हणता, मग हे काय?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : जोराच्या मेहनतीने उठणारी डोकेदुखी हा एक वेगळा, ओळखीचा प्रकार आहे. उकाड्यात आणि उंच ठिकाणी तो जास्त दिसतो, दोन दिवसांच्या आत थांबतो, आणि बहुतेकदा निरुपद्रवी निघतो. अर्धशिशी असलेल्यांनाही मेहनतीने झटका येऊ शकतो. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात ३८ टक्के रुग्णांनी तसं सांगितलं, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांनी तो खेळच सोडून दिला होता. सोडण्याची गरज सहसा नसते. अंग तापवायला जास्त वेळ, वजन कमी, आणि उचलताना श्वास कोंडून न धरणं, एवढ्याने पुष्कळांचं भागतं. वजनांशी तर वैर नाहीच : २०२२ मध्ये २१ प्रयोगांची एकत्र तुलना झाली, तेव्हा झटके कमी करण्यात स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम पहिल्या क्रमांकावर आला. ती तुलना बरीचशी अप्रत्यक्ष होती, त्यामुळे क्रमांकावर पैज लावू नका. पण जिम अर्धशिशीला वर्ज्य नाही, इतकं त्यातून नक्की निघतं.

तुमच्या पत्रात मला खटकला तो ‘एकदम’ हा शब्द. ‘बहुतेकदा निरुपद्रवी’ हे तपासणीनंतर म्हणायचं असतं, आधी नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली किंवा चिरली तरी सुरुवात अशीच होऊ शकते, आणि दोन्हींतला फरक जिममधल्या मित्राला कळत नाही, मलाही पत्रावरून कळणार नाही. क्षणार्धात शिगेला पोचलेली डोकेदुखी, सोबत उलटी, मान ताठ होणं, दोन-दोन दिसणं, बोबडी वळणं, हात किंवा पाय लुळा पडणं किंवा शुद्ध हरपणं, यातलं काहीही झालं तर थेट मेडिकल कॉलेजच्या किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जायचं, उद्यावर ढकलायचं नाही. ताप येऊन डोकं दुखलं, डोक्याला मार लागल्यावर दुखलं किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखायला लागलं, तरीही डॉक्टर आधी आणि व्यायाम नंतर. तुमचं दुखणं तासाभरात थांबलं हे चांगलंच. तरी आयुष्यात पहिल्यांदा असं झालं आहे, तेव्हा रक्तदाब तपासून घ्या, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा, आणि ते हो म्हणेपर्यंत जड वजनाला हात लावू नका.